सोळा महिन्यांचा भोला आणि घरातला वाढलेला आवाज

पत्र (थोडक्यात): "आम्ही नाशिकजवळ मळ्यात राहतो. घरात मी, माझे मिस्टर, सासरे आणि ९ वर्षांची मुलगी. चौदा महिन्यांपूर्वी हिमाचलला ट्रेकला गेलो होतो, तेव्हा भरमौरच्या बाजूला एका मेंढपाळाकडून दोन महिन्यांचं भोटिया पिल्लू आणलं. नाव भोला. आता तो १६ महिन्यांचा आहे, वजन ४२ किलो. हाक मारली की आमच्याकडे बघतो आणि तोंड फिरवून बसतो. रात्रभर भुंकतो. माझे दीर आले तर त्यांना फाटकातून आत येऊ देईना. महिन्यापूर्वी सासऱ्यांनी त्याचं जेवणाचं भांडं उचललं, तर गुरगुरला. मग मिस्टरांनी एका ट्रेनरला बोलावलं. तो म्हणाला, कुत्रा घरात बॉस झालाय, त्याला त्याची जागा दाखवा. त्याने भोलाला आडवं पाडून मान दाबून धरली आणि रोज असं करा म्हणून सांगितलं. त्याच्यासमोर भोला दहा मिनिटांत 'सिट' शिकला. पण तेव्हापासून मिस्टर जवळ गेले की अंग आखडून घेतो, आणि परवा त्यांच्यावरही गुरगुरला. घरात सगळ्यांचाच आवाज वाढलाय. सासरे म्हणतात, देऊन टाका. आम्ही कमी पडतोय का? त्याच्यावर वचक कसा बसवायचा?"

ताई,

बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण एक गोष्ट आजपासून करा. भोलाला आडवं पाडणं, मान दाबणं, भांडं हिसकावणं, डोळ्यांत डोळे घालून दरडावणं, हे सगळं बंद. उद्यापासून नाही, आजपासून. आणि तो गुरगुरला तर त्याला रागावू नका. हातातलं काम थांबवा, दोन पावलं मागे सरा, बाजूला बघा आणि निघून जा. तुमच्या मिस्टरांना ही माघार वाटेल. त्यांना सांगा, गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने तोंडाने दिलेली सूचना आहे. ती दिल्याबद्दल शिक्षा झाली, तर कुत्रा सूचना देणं सोडून देतो, भीती मात्र तशीच राहते. "काही कळायच्या आत चावला" असं लोक ज्या कुत्र्यांबद्दल सांगतात, त्यांतल्या कितीतरी कुत्र्यांचं गुरगुरणं आधी कोणीतरी मारून बंद केलेलं असतं. भोला तुमच्याशी अजून बोलतोय. ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे.

हे मी अनुभवाने सांगतोय. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे सुलतान नावाचा मॅस्टिफ जातीचा कुत्रा होता. तो दीड वर्षाचा असताना मलाही एका जाणत्या माणसाने हाच सल्ला दिला होता आणि मी तो पाळला. तीनदा आडवं पाडलं. तिसऱ्या वेळी तो अजिबात झटापट न करता पडून राहिला, तेव्हा मला वाटलं जमलं. दोन दिवसांनी पाऊस आला म्हणून मी खिडकी लावायला हात वर केला. सुलतान खिडकीखाली झोपला होता. माझा हात वर गेला आणि त्याने मान दुसरीकडे वळवली, कान मागे घेतले, जिभेने दोनदा ओठ चाटले आणि भिंतीला चिकटून उठून निघून गेला. घरात येताना ज्याच्या शेपटीने टीपॉयवरचे कप पडायचे, तो कुत्रा माझ्या हाताला घाबरला होता. ते निस्तरायला सात-आठ महिने गेले. भोला अंग आखडून घेतो असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला ती खिडकी आठवली.

आता ही 'बॉस'ची कल्पना आली कुठून, तेही तुमच्या मिस्टरांना सांगा, कारण ट्रेनरने सांगितलं म्हणून ते वागले, त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं. त्यात वरच्या पायरीसाठी लांडगे भांडतात असं चित्र होतं. पुढे अमेरिकेतले लांडग्यांचे मोठे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकातून ही कल्पना जगभर पसरली. पण त्याच मीच यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत कित्येक उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि पोरं. पुढे चालणारा लांडगा कोणाला हरवून पुढे आलेला नसतो, तो त्या पोरांचा बाप असतो. ज्याने ही कल्पना पसरवली त्यानेच ती दुरुस्त केली, त्यालाही आता पाव शतक उलटून गेलं. आपल्याकडे मात्र अजूनही कुत्र्याच्या मानेवर गुडघा ठेवणारे लोक तिच्या जोरावर फी घेतात.

आणि हा फक्त दयामायेचा प्रश्न नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक रुग्णालयात वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारून २००९ मध्ये एक अभ्यास छापला गेला. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांनी सांगितलं की कुत्रा त्यावर उलटला. आडवं पाडून धरणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के, आणि नुसतं रोखून बघणाऱ्यांतही ३० टक्के. तुमच्या घरात एक म्हातारा माणूस आहे, एक लहान मुलगी आहे आणि कुत्रा ४२ किलोचा आहे. हे आकडे त्या नजरेने वाचा.

आता भोला कोण आहे ते बघू. तुम्ही त्याला भोटिया म्हणता, चंबा-कांगड्यात त्यालाच गद्दी कुत्रा म्हणतात. तिथल्या गद्दी जमातीचे मेंढपाळ हिवाळ्यात खालच्या टेकड्यांवर असतात आणि उन्हाळा लागला की धौलाधारचे घाट चढून मेंढ्या-बकऱ्या पलीकडे नेतात. सोबत ही कुत्री. बिबट्याने मान धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा. २०२५ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्थेने या कुत्र्याची देशी जात म्हणून नोंदही केली. आपल्याकडे लोक या कुत्र्याचा आकार बघून भुलतात आणि त्याचं काम विसरतात. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड माणसाचा हुकूम घेऊन काम करायला घडवलेली कुत्री आहेत. गद्दी कुत्रा रात्री दोन वाजता, मेंढपाळ घोंगडीत झोपलेला असताना, समोर हललेली सावली अस्वलाची आहे की झुडपाची, हे एकट्याने ठरवायला घडवलेला आहे. विचारायला कोणी नसतं आणि विचारत बसला तर मेंढी जाते. शेकडो वर्षं ज्या कुत्र्याने स्वतः ठरवलं त्याचीच पिल्लं मेंढपाळांनी ठेवली. म्हणून तुम्ही हाक मारता तेव्हा भोला तुमच्याकडे बघतो, विचार करतो आणि तोंड फिरवतो. तो तुमचा अपमान करत नाही. त्याला त्या हाकेत काही काम दिसत नाही.

मी एकदा चंब्याच्या वरच्या अंगाला गद्द्यांच्या तळावर दोन रात्री राहिलो होतो. आम्ही चढण चढून वर आलो तेव्हा एक काळा-करडा कुत्रा तीस-चाळीस पावलं पुढे येऊन आडवा उभा राहिला आणि छातीतून भुंकायला लागला. माझे पाय जागच्या जागी थांबले. वर दगडावर मेंढपाळ बसला होता, हातात तकली, लोकर कातत होता. तो उठला नाही, ओरडला नाही. त्याने मान वर करून आम्हाला नीट बघितलं. कुत्र्याने वळून त्याच्याकडे बघितलं. मेंढपाळाने हलक्या आवाजात एक शब्द टाकला, जणू शेजाऱ्याला "आलं लक्षात" म्हणावं तसा, आणि पुन्हा तकली फिरवली. कुत्रा आणखी दोनदा भुंकला, आमच्याभोवती एक मोठी फेरी मारली आणि वरच्या बाजूला जाऊन बसला. रात्रभर तो तिथेच होता आणि त्याने आमच्यावरची नजर काढली नाही, पण भुंकला नाही.

ताई, तुम्ही वचक विचारलात. मला तुमच्या घरात ते वळून बघणं हवंय. भोला भुंकणार, अडवणार, शंका घेणार, ते त्याच्या रक्तात आहे आणि ते काढता येणार नाही. पण पाऊल टाकण्याआधी त्याने एकदा वळून तुमच्याकडे बघितलं पाहिजे, आणि त्या क्षणी त्याला तुमच्या चेहऱ्यावर घाबरगुंडी किंवा संताप दिसता कामा नये. ज्या घरात भुंकण्यावर माणसं ओरडतात, तिथे कुत्र्याला एवढंच कळतं की सगळेच घाबरलेत, म्हणजे धोका खरा आहे. तुमचा आवाज वाढला की त्याचं भुंकणं वाढतं ते यामुळे.

हे शिकवायचं कसं, ते सांगतो. सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या.

एक शब्द ठरवा. "बघितलं" चालेल. घरातले चौघंही तोच शब्द वापरतील, त्याच सुरात, जेवताना "मीठ दे" म्हणावं तसा. भोला कुंपणाशी भुंकायला लागला की हातातलं काम ठेवा आणि चालत त्याच्यापर्यंत जा. पळू नका. तो जिकडे बघतोय तिकडे तुम्हीही खरोखर बघा. तीन-चार सेकंद. त्याला कळतं तुम्ही बघताय की नाटक करताय. मग म्हणा, "बघितलं", आणि पाठ फिरवून घराकडे चालायला लागा. पहिले आठ-दहा दिवस तो येणार नाही. तुम्ही दहा पावलांवर थांबा आणि वाट बघा. एक दिवस तो भुंकता भुंकता मान वळवेल, तुम्ही गेलात की आहात ते बघायला. तोच क्षण. उकडलेल्या चिकनचा तुकडा, पनीर, सुकट, त्याला ज्याचं वेड असेल ते खिशात ठेवा आणि जवळ आला की द्या. आला नाही तर ओढून आणू नका, पुन्हा जाऊन पुन्हा बघा. कंटाळवाणं काम आहे. दिवसातून वीसदा करावं लागेल. एकदा चिडून "गप रे!" म्हणालात तर आभाळ कोसळणार नाही, पण दोन दिवस मागे जाल.

हे आधी तुम्ही करा, मग मुलगी ओट्यावरून नुसता शब्द म्हणू दे, आणि मिस्टर सगळ्यात शेवटी. त्यांनी महिनाभर भोलाकडून काहीच मागू नये. बसवू नये, हात लावायला जाऊ नये. फक्त त्याच्या आवडीची कामं त्यांच्या हातून व्हावीत: सकाळचं फिरणं, संध्याकाळचं जेवण. भोला आपणहून जवळ येऊन टेकला तर छातीवर किंवा खांद्यापाशी खाजवावं, डोक्यावर वरून हात नेऊ नये, आणि पाच सेकंदांनी थांबावं. त्याला आणखी हवं असेल तर तो सांगेल. मोडलेला विश्वास असाच परत येतो, हे मी सुलतानबरोबर शिकलो.

ट्रेनरसमोर दहा मिनिटांत 'सिट' शिकला आणि तुमचं ऐकत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. भोला वयात आलाय. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये अंध व्यक्तींसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांवर अभ्यास छापला. तीच कुत्री ५ महिन्यांची असताना आपल्या माणसाचं ऐकत होती आणि ८ महिन्यांची झाल्यावर त्याच माणसाचं ऐकेनाशी झाली, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. आपल्या घरातल्या चौदा वर्षांच्या पोरासारखंच, शेजारच्या काकांसमोर अगदी शहाणं. ती होती लॅब्राडॉर आणि गोल्डनसारखी कुत्री. भोलासारखी मोठी राखणीची कुत्री डोक्याने मोठी व्हायला अडीच-तीन वर्षं घेतात. म्हणजे अजून वर्षभर तरी तुम्हाला धीर धरायचाय.

भांड्याचं बघू. आबांनी (सासऱ्यांना मी आबा म्हणतो, त्यांना चालेल असं धरतो) भांडं का उचललं ते मला माहीत आहे, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की जेवतानाचं भांडं काढून घेता आलं पाहिजे. जेवताना आपलं ताट कोणी उचललं तर आपण काय करू? भोलाला आता फाटक लागलेल्या पडवीत एकट्याला जेवू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो जेवत असताना पाच-सहा पावलांवरून जाता जाता त्याच्या भाकरीपेक्षा चांगलं काहीतरी भांड्याच्या दिशेने टाका आणि न थांबता पुढे जा. माणूस जवळ आला की ताटातलं कमी होत नाही, वाढतं, एवढंच त्याला कळायला हवं. तुमच्या पावलांचा आवाज ऐकून त्याची शेपूट सैल हलायला लागली की अर्धं पाऊल जवळ. त्याचं खाणं थांबलं, मान खाली जाऊन अंग ताठ झालं, तर तुम्ही फार जवळ आलात. हे मोठ्यांनीच करायचं. मुलीने त्याच्या जेवणाच्या वेळी पडवीत पाऊल ठेवायचं नाही, कधीच नाही, तो कितीही सुधारला तरी.

हाक मारल्यावर येणं ही या जातीत सगळ्यात शेवटी येणारी आणि कधीच शंभर टक्के न येणारी गोष्ट आहे. म्हणून मळ्याच्या कुंपणाबाहेर तो कायम दोरीवर, हा नियम आयुष्यभरासाठी. आत दहा मीटरची हलकी दोरी आणि रुंद पट्टा किंवा छातीचा पट्टा लावून सराव करा. पाच मिनिटं, तीन-चार वेळा हाक, बस. पाचव्यांदा तो येणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने तुम्हाला काम नाही हे सिद्ध झालेलं असतं. दहा हाकांपैकी नऊ वेळा त्याला काहीतरी देऊन पुन्हा मोकळं सोडा. नाहीतर तुमची हाक म्हणजे मजा संपली, असं तो धरून चालतो. आणि रागवायला कधीही हाक मारून बोलावू नका.

रात्रीच्या भुंकण्याचं उत्तर सोपं आहे: त्याला रात्री आत घ्या. अंधार पडला की त्याची पाळी सुरू होते, आणि मळ्यात ऐकू येणाऱ्या प्रत्येक आवाजाची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली आहे. ती तुम्ही काढून घ्या. बंद पडवी किंवा बाहेरची खोली चालेल, पण दार लागलं पाहिजे. शेजाऱ्यांची झोप हे एक कारण झालं. दुसरं कारण बिबट्या आहे. तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. हिमाचलात तीन-चार कुत्री मिळून राखण करतात आणि शेजारी माणूस झोपलेला असतो. भोला एकटा आहे. हौसेने खिळ्यांचा पट्टा घालून त्याला बाहेर ठेवलं म्हणजे तो सुरक्षित झाला असं समजू नका, आणि साखळीला बांधून तर अजिबात ठेवू नका. बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. शिवाय सतत बांधून ठेवलेला राखणीचा कुत्रा महिन्या-दोन महिन्यांत जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जायला लागतो, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की त्यावर वाद घालण्याचीही इच्छा उरली नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवणं ही मालकाची जबाबदारी धरली आहे.

पाहुण्यांसाठी पद्धत ठरवा आणि दीर आले काय, ट्रॅक्टरवाला आला काय, ती मोडू नका. पाहुणा फाटकाशी यायच्या आधी भोला आतल्या खोलीत. पाहुणा येईल, बसेल, चहा होईल, गप्पांचा आवाज सारखा होईल. मग भोला दोरीवर बाहेर येईल आणि तुमच्या बाजूला, पाहुण्यापासून लांब बसेल. पाहुण्याने त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, "आम्हाला कुत्री ओळखतात" म्हणून जवळ जायचं नाही. असे पाहुणे प्रत्येक घरात असतात, त्यांना स्पष्ट नाही म्हणायची जबाबदारी तुमची आहे, कारण भोलाच्या पुढ्यात तुम्ही उभे राहिलात तरच त्याला स्वतः उभं राहावं लागणार नाही. फाटकावर पाटी लावा आणि फाटकाला आतून दुसरी कडी बसवा. तुमच्या हलगर्जीपणामुळे कुत्र्याने कोणाला इजा केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड भरून होईल, पण समोरचं पोर जखमी झालं तर ते भरून येणार नाही.

तुमच्या मुलीबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, म्हणजे तिचं आणि भोलाचं बरं आहे असं धरतो. तरीही काही महिने दोघांना एकटं सोडू नका. तिच्या मैत्रिणी खेळायला आल्या की भोला आत. मुली खेळताना किंचाळतात, पळतात, एकमेकींना ढकलतात, आणि आपल्या मेंढीला कोणी ढकलतंय असं या कुत्र्याला वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

हे सगळं सुरू करायच्या आधी एक दिवस पशुवैद्याकडे जाऊन या. या आकाराच्या कुत्र्यांत खुब्याच्या सांध्याचा त्रास बराच दिसतो. जवळ गेल्यावर आखडणारा कुत्रा कधी कधी दुखतंय म्हणूनही आखडतो. हाडं अजून पक्की होतायत, तेव्हा जिने आणि उड्या कमीच बऱ्या. जाळीचं मुसकं घालायची सवय आतापासून खाऊ देऊन लावा, म्हणजे दवाखान्यात झटापट होणार नाही. रेबीजची लस वेळच्या वेळी द्या. आणि नाशिकचा उन्हाळा. चाळीस अंशांपर्यंत जाणाऱ्या ठिकाणी तुम्ही बर्फातलं अंग आणलंय. फिरणं सूर्य उगवायच्या आत, दुपारी ओली फरशी आणि पंखा, दात्याच्या फणीने रोज आतली लोकर काढणं. केस मात्र कापू नका, ते त्याला उन्हापासूनही वाचवतात. उकाड्याने बेजार कुत्रा चिडका असतो, हेही लक्षात घ्या.

ट्रेनर पुन्हा बोलवाल तर त्याला एकच विचारा: "कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता?" ज्याच्या उत्तरात झटका, गळफासाची साखळी, जमिनीवर दाबणं येईल, त्याला चहा देऊन निरोप द्या. चांगला माणूस पहिल्या दिवशी कुत्र्याला हातही लावत नाही. तो घरातल्या सगळ्यांना प्रश्न विचारतो आणि कुत्र्याला लांबून बघत बसतो.

देऊन टाकायचं का? मला विचाराल तर आत्ता नाही. खरं सांगायचं तर त्याला आणायलाच नको होतं. हे मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही, पुढच्या मे महिन्यात ट्रेकला जाऊन गोंडस पिल्लू उचलायच्या बेतात असलेल्यांसाठी लिहितोय. पण आता तो इथे आहे, त्याने दात लावलेला नाही, गुरगुरून सांगतोय, आणि तुम्ही विचारताय. सहा महिने द्या. या काळात त्याने कोणाला चावून जखम केली, किंवा आबांना त्यांच्याच घरात वावरायची भीती वाटत राहिली, तर पुन्हा लिहा. तेव्हा आपण या जातीची खरोखर माहिती असलेलं घर शोधू, आणि त्याला वेळ लागेल. कोणाच्या तरी फार्महाउसवर "राखणीला" म्हणून देऊ नका. तिथे काय वाट्याला येतं ते मी वर साखळीच्या गोष्टीत लिहिलंच आहे.

तुम्ही कमी पडताय का, असं विचारलंत. नाही. भोलाला काय दिसतंय हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आबांसाठी एक काम आहे, आणि ते त्यांच्याइतकं कोणाला जमणार नाही, कारण घरात बसून राहायला वेळ असलेले तेच आहेत. उद्या सकाळी भोला दोरीवर तुमच्याजवळ अंगणात असू द्या. आबांनी चहाचा कप आणि पेपर घेऊन ओट्यावर बसावं, त्याच्याकडे अर्धी पाठ करून, सात-आठ पावलांवर. काही बोलू नये. पेपरचं पान उलटताना न बघता पोळीचा एक तुकडा बाजूला टाकावा. चहा संपला की उठून आत जावं. रोज, त्याच वेळेला, त्याच जागी. आणि एक वही ठेवा, त्यात रोज एवढंच लिहा की भोला आबांपासून किती पावलांवर जाऊन झोपला. पंधरा दिवसांनी मला ते आकडे कळवा.